मांडवाचा खर्च आणि सातबाऱ्यावरचे नाव

साशंक : पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात लग्न हा आता दोन घरांपुरता संस्कार राहिलेला नसून बाजारभावाने चालणारा व्यवहार झाला आहे, हे विधान कठोर वाटेल, पण मोशी, चिखली, चऱ्होली, ताथवडे, पुनावळे या गावांतून जाणाऱ्याला त्याचा पुरावा शोधावा लागत नाही. जिथे एका पिढीपूर्वी शेते होती तिथे लॉन्स आणि मंगल कार्यालये उभी आहेत, आणि त्यांच्या आधाराने केटरर, मंडपवाले, फेटे बांधणारे, ड्रोन उडवणारे छायाचित्रकार, नवरीला सजवणाऱ्या ब्यूटिशियन यांचा धंदा वाढला आहे. पूर्वी सुपारी फुटली, साखरपुडा झाला, हळद लागली आणि अक्षता पडल्या की कार्य पार पडत असे. आता लग्नाआधीचे चित्रीकरण, म्हणजे ज्याला सगळे प्रि-वेडिंग म्हणतात ते, संगीताची रात्र आणि सजावटीसह होणारी हळद हे स्वतंत्र कार्यक्रम झाले असून प्रत्येकाचे पॅकेज वेगळे ठरते. जमीन विकलेल्या घरांची गोष्ट निराळी. कामगाराच्या घरात हा पैसा पतसंस्थेच्या कर्जातून, भिशीतून आणि भविष्य निर्वाह निधीतून उभा राहतो. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत, सात वर्षांचे सदस्यत्व पूर्ण झालेल्या कामगाराला स्वतःच्या, भावंडांच्या किंवा मुलांच्या लग्नासाठी आपल्या हिश्शाच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढण्याची सोय होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये या निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने सेवेची अट १२ महिन्यांवर आणण्याचा आणि लग्नासाठी ५ वेळा रक्कम काढू देण्याचा निर्णय घेतला. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेला पैसा एका संध्याकाळी मांडवात संपावा, याला प्रगती म्हणणे अवघड आहे.

समर्थक : लग्नात पैसा गुंतणे नवे नाही. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ ही म्हण लॉन्स येण्याच्या कितीतरी आधीची आहे. नवे आहे ते या पट्ट्यातले माणूस. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा सर्व दिशांनी माणसे इथे येऊन राहिली. त्यांची भावकी एका गावात, सोयरे दुसऱ्या गावात आणि बिऱ्हाड भोसरीच्या किंवा निगडीच्या चाळीत, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ज्याला अंगण नाही, वाडा नाही, गावातल्यासारखा शेजार नाही, त्याने चार भिंतींचे कार्यालय भाड्याने घेतले तर त्याने बाजाराला शरण जाऊन नव्हे, तर पांगलेली माणसे एका दिवसापुरती एकत्र आणण्यासाठी घेतले. मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये, इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने ग्रामीण भारतात गोळा केलेल्या माहितीवरून असे दाखवले की शेतकरी कुटुंबे मुली लांबच्या गावांत देतात त्यामागे विम्याचे तत्त्व असते. एका भागात पाऊस चुकला तर दुसऱ्या भागातले सोयरे हात देतात. सोयरीक ही अशी दीर्घ मुदतीची ठेव आहे, आणि पंगतीचा खर्च हा तिचा हप्ता आहे.

साशंक : विम्याची ही कल्पना मान्य केली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. त्या गावांत जोखीम पावसाची होती आणि ती दोन्ही व्याह्यांवर वेगवेगळ्या वेळी येत असे, म्हणून विमा चालला. या पट्ट्यात जोखीम पावसाची नसून नोकरीची आहे, आणि वाहनांची मागणी घटली की ती चाकण, तळेगाव, भोसरी अशी सगळीकडे एकदमच येते. इथल्या स्थळाच्या चौकशीत पहिला प्रश्न जातीनंतर कुठला येतो, तर मुलगा ‘पर्मनंट’ आहे का. पर्मनंट म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर कायम असलेला, वेतनकराराचा लाभ मिळणारा, ज्याला काढताना कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते असा कामगार. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, तेच काम करणारा दुसरा तरुण कंत्राटदाराच्या नावावर असतो किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेला असतो. त्याची मुदत सहा महिन्यांत, वर्षात संपते आणि तो चाकणहून रांजणगावला, रांजणगावहून पुन्हा भोसरीला फिरत राहतो. मध्यस्थ जेव्हा मुलाचा बायोडेटा पाठवतो तेव्हा ‘नामांकित कंपनीत नोकरी’ एवढेच लिहितो आणि खरा प्रश्न बैठकीत निघतो : पगाराची स्लिप कोणाच्या नावाची आहे, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो दुसऱ्या मार्गाने भरवसा देऊ पाहतो. रावेतमध्ये कर्जाने घेतलेला फ्लॅट, दारात चारचाकी, लग्नाला हजार माणूस, मंचावर नगरसेवक. फ्रान्सिस ब्लॉख, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई यांनी २००४ मध्ये कर्नाटकाच्या ग्रामीण भागातील लग्नखर्चाचा अभ्यास करून हेच सांगितले होते की, सोयरीक गावाबाहेर होते आणि नव्या सोयऱ्यांची ऐपत इतरांना ठाऊक नसते, तेव्हा मोठा सोहळा हाच ऐपतीचा जाहीर दाखला ठरतो. नोकरीची शाश्वती जितकी घटते तितका मांडव मोठा होतो, आणि तो मोठा झाल्याने नोकरीची शाश्वती मुळीच वाढत नाही.

समर्थक : या विवेचनात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे प्रश्न विचारणारी बाजू. मुलाची स्लिप पाहण्याचा हक्क मुलीकडच्यांना मिळाला, हा या पट्ट्यातला मोठा बदल आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ती संख्या ८९४ वर आली. २००१ मधली ती मुले आज लग्नाच्या वयात आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि त्यांनी गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा कडक राबवण्याची मागणी केली. मुलींची ही टंचाई अन्यायातून आली हे खरे. पण हिंजवडीत नोकरी करणारी अभियंता किंवा वायसीएम रुग्णालयातली परिचारिका आज स्थळाला नकार देऊ शकते, मुलाला भेटून चार प्रश्न विचारू शकते, खर्च ‘दोन्ही अंगांनी’ करू असे बैठकीत म्हणवून घेऊ शकते, म्हणजे अर्धा भार वराकडच्यांनी उचलावा असे ठरवून घेऊ शकते. प्रि-वेडिंगच्या नावाने नाके मुरडली जातात, पण ठरलेल्या लग्नात दोघांना घरच्यांच्या नजरेआड एक सबंध दिवस एकमेकांसोबत काढायला मिळण्याची ती पहिली संधी असते. ज्या समाजात मुलीने नवरा मांडवातच नीट पाहिला, तिथे हे थोडे नव्हे.

साशंक : तो दिवस दोघांचा असतो की कॅमेऱ्याचा, याबद्दल शंका आहे, तरीही त्यातली मोकळीक नाकारण्याचे कारण नाही. मात्र नकार देण्याची शक्ती आणि लग्न झाल्यानंतरची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टंचाईमुळे मुलगी दुर्मीळ झाली, स्वतंत्र झाली असे नाही. दुर्मीळ वस्तूवर पहारा अधिक बसतो.

समर्थक : अमेरिकेतल्या तरुणांकडे पाहिले तर आपल्या भीतीचा थोडा निरास व्हावा. तिथे पहिल्या लग्नाचे मध्यक वय, म्हणजे ज्याच्या आधी निम्म्यांची आणि नंतर निम्म्यांची लग्ने होतात ते वय, १९६० मध्ये पुरुषांचे २२.८ आणि स्त्रियांचे २०.३ वर्षे होते. २०२३ मध्ये ते ३०.२ आणि २८.४ झाले. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी २००४ मध्ये याचा अर्थ असा लावला की लग्न हा पूर्वी संसाराचा पाया होता, तो आता कळस झाला आहे. शिक्षण, नोकरी, घर, बहुधा सहवाससुद्धा आधी, आणि हे सगळे जमले याची जाहीर खूण म्हणून लग्न शेवटी. तिथला सोहळाही महागला, पण तो वाढता खर्च जोडपी स्वतः उचलू लागली आहेत आणि म्हणून निर्णयही त्यांचा असतो. या पट्ट्यातल्या शिकलेल्या तरुणांची वाट तीच आहे. तिशीला टेकलेली, आपल्या कमाईतून लॉन्सचे पैसे भरणारी जोडपी वाकड-हिंजवडीत आता नवलाईची राहिलेली नाहीत, आणि ज्याने पैसे भरले त्याला मानपानाच्या रुसव्याफुगव्यांना नकार देता येतो.

साशंक : चर्लिन यांच्या निरीक्षणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लग्न कळस झाले म्हणजे ज्याला इमारतच उभारता आली नाही तो लग्नापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत पदवी नसलेल्या कामगारवर्गात लग्ने घटली आणि शिकलेल्या, मिळवत्या वर्गात ती टिकली. चाकणचा कंत्राटी कामगार नेमका त्याच जागी उभा आहे, फरक इतकाच की अमेरिकेत त्याला लग्नावाचून सहजीवनाचा मार्ग मोकळा आहे आणि इथे तो जवळजवळ बंद आहे. शिवाय खर्चाबद्दल तिथलाच पुरावा बोलका आहे. एमरी विद्यापीठातील अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन यांनी २०१४ मध्ये तीन हजारांहून अधिक विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा अंगठीवर आणि सोहळ्यावर झालेला खर्च जितका अधिक तितका विवाह अल्पजीवी, असा संबंध त्यांना दिसला.

समर्थक : त्याच अभ्यासात असेही दिसले की लग्नाला आलेली माणसे जितकी अधिक तितका विवाह टिकाऊ. दोन्ही निष्कर्ष सहसंबंधाचे आहेत, कार्यकारणाचे नव्हेत, हे लक्षात ठेवूनच बोलले पाहिजे. तरीही ते एकत्र वाचले तर खर्च आणि माणसे या वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि लग्नाचे बळ माणसांत आहे असे मानायला जागा राहते. आपला सबंध आक्षेप खर्चावर आहे, पण त्या आक्षेपाने पहिला घाला नेहमी माणसांवर पडतो. ‘मोजक्या लोकांत उरका’ असे म्हणताना कापली जाते ती यादीतली मावशी, गावाकडचा चुलता, पाळीतले सहकारी; सजावटीचा आकडा तसाच राहतो.

साशंक : माणसे कोणती, हे पाहावे लागेल. या भागातल्या मोठ्या लग्नात मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा असतो, कारण पहिली पाळी सुटून माणसे आवरून यावीत. साडेसहाला नवरा-नवरी मंचाजवळ तयार असतात आणि माईकवरून एकामागून एक नावे पुकारली जातात : माजी सरपंच, बाजार समितीचे संचालक, नगरसेवक, इच्छुक उमेदवार. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ. मग एकाचे मनोगत, दुसऱ्याचे आशीर्वादपर भाषण. मंगलाष्टका सुरू होईपर्यंत आठ वाजतात, तोवर लांबून एसटीने आलेली पाहुणेमंडळी जेवून परतीच्या वाटेला लागलेली असतात, आणि अक्षता टाकायला उरतात ते ज्यांना वधू-वरांचे नाव पत्रिकेवरून कळले. साक्षीदार म्हणून बोलावलेली माणसे साक्षीच्या क्षणी नसतात. आपण ज्याला ठेव म्हणता ती अशी भलत्याच्या खात्यात जमा होते.

समर्थक : हा दोष खरा आहे आणि त्याची लाज वाटायला हवी. पण साक्षीदार चुकीचे बोलावले जातात, यावरून साक्षच नको असे ठरत नाही. हाकेच्या अंतरावर आळंदी आहे. तिथे ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या गावात, इंद्रायणीकाठी, वर्षभर लग्ने लागतात. त्यांत गरिबाघरची थोडक्यात उरकलेली लग्ने असतात आणि घरच्यांचा विरोध पत्करून आलेल्या जोडप्यांचीही असतात. हार, भटजी, छायाचित्रकार, नोंदणीची कागदपत्रे, सगळे एका छताखाली मिळते आणि तासाभरात कार्य आटोपते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांच्या नोटिशीची अट आहे, ती नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि बातमी घरी पोचते. त्या भीतीने पळालेल्या जोडप्याला आळंदीचा आधार वाटतो. खर्चाच्या कसोटीवर हे आदर्श लग्न आहे. पण पुढे त्यातल्या मुलीला मारहाण झाली, तर तिच्या बाजूने बोलणारा कोण असतो? माहेर तुटलेले, सासरने स्वीकारलेले नाही, आणि साक्षीदार म्हणून सही करणारे तिच्या ओळखीचेही नसतात.

साशंक : आळंदीने किती मुलींना नको असलेल्या लग्नापासून वाचवले, याचीही मोजदाद त्याच वेळी करावी लागेल. आणि साधे लग्न म्हणजे साक्षीवाचूनचे लग्न, हे समीकरण इतिहासात बसत नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात पहिले लग्न लावले, तेव्हा समाजाचे लोक साक्षीला होते. जोतीरावांनी रचलेल्या विवाहविधीत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचे वचन सर्वांसमक्ष देतो. साक्षीला तिथे काहीतरी ऐकायचे काम होते. आजच्या मांडवात साक्षीदाराला ऐकण्यासारखे काय असते? त्याचे काम पाहण्याचे असते : किती तोळे, कोणती गाडी, किती पदार्थ. मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यात, भुकूम येथे, वाकडची एक तरुण लेक सासरी मरण पावली. लग्नात ५१ तोळे सोने, चांदीची भांडी आणि महागडी मोटार दिली आणि त्यानंतरही पैशांची मागणी थांबली नाही, असे तिच्या माहेरच्यांनी सांगितले. सासरच्यांवर गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, आणि न्यायनिवाडा न्यायालय करील. पण एवढे तर सर्वांसमोर आहे की त्या लग्नाला सत्तेतले मोठे नेते हजर होते आणि हजारोंच्या साक्षीने जे झाले त्याने त्या मुलीभोवती कोणतेही कवच तयार झाले नाही. पाहुण्यांची संख्या हे जर बळ असेल, तर ते बळ त्या दोन वर्षांत होते कुठे?

समर्थक : या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तो प्रश्न समाजाने त्या वेळी स्वतःलाच विचारला, एवढेच सांगता येते. त्यानंतर पुणे आणि अहिल्यानगर भागांत मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नासाठी आचारसंहिता ठरली : पाहुणे मोजके, डीजे नको, प्रि-वेडिंगचे चित्रीकरण मांडवात दाखवायचे नाही, लग्न वेळेवर, हुंडा देणारा-घेणारा दोघांवर बहिष्कार. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत छळातून झालेल्या मृत्यूला हुंडाबळी मानण्याची तरतूदही आधीपासून आहे. कायद्याला जे साधले नाही ते भावकीच्या लाजेने साधेल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे नाही.

साशंक : आचारसंहितेतली कलमे वाचली की तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे अधिक जाणवते. डीजे आहे, पाहुण्यांची मर्यादा आहे, जमीन नाही. आणि या पट्ट्यात लग्नाच्या खर्चाचा खरा हिशेब जमिनीशी लागतो. खेड, मावळ, मुळशी, हवेली या तालुक्यांत औद्योगिक वसाहतींसाठी, रस्त्यांसाठी, गृहप्रकल्पांसाठी जमिनी गेल्या आणि जिथे पूर्वी एकरावर व्यवहार होत होते तिथे गुंठ्यावर, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या भागावर, होऊ लागले. भूसंपादनाचा मोबदला वाटायची वेळ येते किंवा विकसकाशी करार व्हायचा असतो, तेव्हा विवाहित बहिणींना माहेरी बोलावणे येते. जेवण होते, साडी-चोळी होते, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मोबदला न घेता भावांच्या लाभात सोडल्याच्या नोंदणीकृत दस्तावर, त्यांच्या सह्या आणि अंगठे होतात. त्यामागचे समर्थन ठरलेले असते : ‘तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा.’ पंधरा वर्षांपूर्वी लग्नात झालेले दोन-चार लाख आणि आज त्या गुंठ्यांना येणारी किंमत यांची तुलना बैठकीत कोणी करीत नाही. मुळात तो खर्च मुलीला मिळालेलाही नसतो. तो मांडवाला, जेवणाला, मानपानाला, वराच्या मोटारीला गेलेला असतो. खर्च करणाऱ्यांनी मोठेपणा मिळवला आणि त्याची वसुली तिच्या वाट्यातून केली.

समर्थक : हे चित्र स्थानिक भूधारकांचे आहे. लातूरहून आलेल्या कंत्राटी कामगाराच्या बहिणीला सोडायला गुंठाही नसतो. तिच्या अंगावरचे दोन तोळे हीच तिची मिळकत. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याचा भाव एक लाखाला भिडला, तेव्हा त्या दोन तोळ्यांनी तिला बँकेपेक्षा अधिक दिले. लग्नात घातलेला दागिना स्त्रीधन असतो, त्यावर कायद्याने तिचाच हक्क असतो, आणि तो घडवण्याचे निमित्त लग्नाखेरीज बहुतेक घरांना मिळत नाही.

साशंक : कायद्याने तिचा, आणि कपाटाची किल्ली सासूकडे. तरीही हा भेद महत्त्वाचा आहे, तो नाकारता येत नाही : जमीनवाल्यांच्या घरी लग्न मुलीला वाट्यातून बाहेर काढते आणि भूमिहीनाच्या घरी तेच लग्न तिला जन्मातली एकमेव मिळकत देते. म्हणून खर्च वाईट, हे सरसकट विधान मागे घ्यावे लागेल. पण पहिल्या बाबतीत कायद्याचाही इतिहास दोषी आहे. महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९९४ मध्ये, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केले, आणि त्याच कायद्यात त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे लग्न झाले की वाटा संपला, ही समजूत कायद्यानेच लिहून ठेवली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने येतो, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. कायदा बदलला, माहेरच्या ओसरीवरचा हिशेब बदलला नाही.

समर्थक : तो न बदलण्याला एक कारण आहे आणि ते केवळ भावांच्या लोभाचे नाही. सही करणाऱ्या बहिणी अडाणी नसतात. त्यांना ठाऊक असते की वाटा मागितला तर माहेर तुटते : दिवाळीचे बोलावणे, बाळंतपण, भाच्याच्या लग्नातला मामाचा मान, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सासरी बिनसले तर रात्री-अपरात्री उघडणारे दार. हक्कसोडपत्र हे अनेकींच्या दृष्टीने त्या दारासाठी मोजलेली किंमत असते. कायद्याच्या पुस्तकातला वाटा वीस वर्षे दिवाणी न्यायालयात अडकतो. भाऊ मात्र मोटारसायकल काढून तासाभरात येतो. आपण तिला सातबाऱ्यावरचे नाव देऊ पाहता, ती भावाचा हात निवडते. तिची निवड चूक आहे असे कोणत्या अधिकाराने म्हणायचे?

साशंक : निवड तेव्हा म्हणता येते जेव्हा दोन्ही मिळण्याची शक्यता तिच्यासमोर ठेवलेली असते. भावाला जमीन आणि बहीण दोन्ही मिळतात. तिला दोहोंतून एक. आणि ते दार उघडतेच असेही नाही. ‘एवढा खर्च करून दिली, आता चार माणसांत काय तोंड दाखवायचे, थोडे सोस’ हे वाक्य माहेरच्याच तोंडून येते. इथे मोठ्या लग्नाचा सर्वांत घातक परिणाम दिसतो : झालेल्या खर्चामुळे आणि पाहिलेल्या माणसांमुळे परतीची वाट महाग होते. म्हणून सूचना अशी की, बैठकीत ज्या ‘याद्या’ होतात, म्हणजे कोणी काय द्यायचे-करायचे याचा जो कागद दोन्ही बाजू लिहून सह्या करतात, त्यालाच वेगळे वळण द्यावे. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये झालेल्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची लेखी, सह्यांची यादी ठेवणे अपेक्षितच आहे, जी जवळजवळ कोणी ठेवत नाही. ती यादी मांडवात, चांगल्या माणसांच्या साक्षीने व्हावी. दागिन्यांच्या पावत्या मुलीच्या नावाच्या असाव्यात. आणि त्याच कागदावर वडिलांनी लिहावे की लग्नाचा खर्च हा मुलीच्या वाट्यातून वजा होणार नाही. मग साक्षीदाराला ऐकायला आणि पुढे बोलायला काहीतरी मिळेल.

समर्थक : पहिल्या दोन गोष्टी उद्यापासून व्हाव्यात. तिसरी धोक्याची आहे. मुलीचा जमिनीतला वाटा लग्नाच्या कागदावर आला की तो लग्नाच्या बोलणीत आला. ज्या भागात गुंठ्याचा भाव प्रत्येकाला तोंडपाठ आहे तिथे वरपक्ष तो आकडा वाचणार नाही, असे कसे मानावे? आज पाच तोळे आणि गाडी मागणारे उद्या ‘मुलीचे नाव लावून घ्या’ म्हणतील, आणि ते म्हणणे हक्काच्या भाषेत असल्याने त्याला हुंडा ठरवणे पोलिसालाही जड जाईल. तिच्या नावावरची जमीन विकून नवऱ्याच्या वर्कशॉपसाठी यंत्र घेण्याचा आग्रह होईल. भाऊ विरुद्ध नवरा अशा दोन मालकांच्या मध्ये ती पुन्हा नावापुरती मालक राहील.

साशंक : तसे असेल तर नाव लग्नाच्या कितीतरी आधी लागले पाहिजे, मुलगी शाळेत असतानाच, मुलग्यासोबत, वाटणीच्या दस्तात. मग लग्नाच्या बैठकीत त्याबद्दल बोलायचे कारणच उरत नाही.

समर्थक : बोलायचे कारण उरत नाही, पण पाहायचे उरते. सातबारा आता मोबाईलवर निघतो. मध्यस्थाने स्थळ सुचवल्याच्या संध्याकाळी गट नंबर टाकून दोन्ही घरे एकमेकांचे उतारे पाहून घेतात. आज मुलाचा पाहतात, उद्या मुलीचाही पाहतील, आणि जिचे नाव लागलेले आहे तिला अधिक स्थळे येतील, जिचे नाही तिला कमी. नोकरीच्या स्लिपेने जसे पर्मनंट आणि कंत्राटी असे दोन प्रकारचे नवरे पाडले, तशा दोन प्रकारच्या नवऱ्या पडतील.

साशंक : पडतील. तरी जिचे नाव आहे तिला, नवरा निवडताना नव्हे तर नवऱ्याला सोडताना, काहीएक जमीन पायाखाली असेल. आज पन्नास तोळे घालून दिलेल्या मुलीलाही ती नसते. उताऱ्याचा बाजार होईल हे भय खरे धरूनही ते नाव लावायचे की नाही, आणि लावल्यावर भावाने दार उघडे ठेवावे यासाठी भावकीची लाज कोणाच्या बाजूने उभी करायची, एवढ्यावर येऊन हा वाद थांबतो.

समर्थक : भावकीची लाज उभी करायची तर आधी भावकी एकत्र आली पाहिजे, आणि ती एकत्र येते ती लग्नातच. तेव्हा मांडव राहू द्यावा लागेल.

साशंक : राहू द्यावा, पण बोलावताना नावे पुन्हा एकदा तपासावी लागतील, आणि त्यांतल्या किती जणांना दोन वर्षांनी तिच्या घरी जाऊन विचारपूस करायला सांगता येईल, हे यादी करतानाच ठरवावे लागेल.